खडकवासल्याखालची मुठा: कोरडे पात्र, सांडपाणी आणि पूर यांचा एकच हिशेब

पावसाळा सरतो, खडकवासला धरणाचे दरवाजे बंद होतात आणि मुठेचे स्वतःचे पाणी भिंतीपाशीच थांबते. भिंतीखाली उरतो तो थोडासा पाझर. तरीही पुण्यात मुळेशी होणाऱ्या संगमापर्यंत पोचेस्तोवर नदी चांगली वाहती दिसते. हे वाढलेले पाणी कालव्याच्या, जलवाहिन्यांच्या आणि नळांच्या वाटेने फिरून नाल्यांतून परत आलेले असते. आणि पावसाळ्यात एखाद्या रात्री दरवाजे उचलावे लागले की याच पात्रातले पाणी सिंहगड रस्त्यालगतच्या सोसायट्यांच्या तळमजल्यावर शिरते. ऑक्टोबर ते मेची गटारगंगा आणि जुलै-ऑगस्टचा पूर हे दोन वेगळे प्रश्न म्हणून मांडले जातात, त्यांची कार्यालये वेगळी, निधीही वेगळे. या टप्प्याचा अभ्यास करताना ते एकत्रच मांडावे लागतात.

पाणी जाते कुठे

मुठेच्या खोऱ्यात चार धरणे आहेत. पानशेतचा उपयुक्त साठा १०.६५ टीएमसी (अब्ज घनफूट), वरसगावचा १२.८२, टेमघरचा ३.७१ आणि खडकवासल्याचा फक्त १.९७. बेरीज २९.१५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. वरच्या तिन्ही धरणांतले पाणी शेवटी खडकवासल्यात येते. तिथून एक वाट बंद जलवाहिनीने आणि उपसा केंद्रांतून शहराकडे जाते, दुसरी नव्या मुठा उजव्या कालव्याने हवेली, दौंड, इंदापूरच्या शेतीकडे. तिसरी वाट नदीची. पण ती सांडव्यावर पाणी आले तरच उघडते.

पुणे महापालिकेचा मूळ मंजूर कोटा वर्षाला ११.५० टीएमसी, तर प्रत्यक्ष उचल गेली काही वर्षे १८ टीएमसीच्या वर आहे. म्हणजे दिवसाला १४० कोटी लिटरच्या आसपास. पाटबंधारे खाते आणि महापालिका यांच्यात दरवर्षी जो वाद रंगतो तो शहर आणि शेती यांच्या वाट्याचा असतो. नदीच्या नावावर त्या पत्रव्यवहारात एक क्युसेकही (सेकंदाला एक घनफूट) नसतो, हे या प्रकरणाचे मूळ.

वापरलेल्या पाण्यापैकी ८० टक्के सांडपाणी होते, असे नियोजनात धरले जाते. १४० कोटी लिटरवर सरळ ८० टक्के लावले तर ११२ कोटी लिटर निघते. पण वितरणात सुमारे ४० टक्के गळती असल्याचे वर्षानुवर्षे सांगितले जाते. गळालेले पाणी नळापर्यंत जातच नाही, त्यामुळे ते सगळे मैलावाहिनीत धरता येत नाही. गळती वजा करून उरलेल्या ८४ कोटींवर ८० टक्के घेतले तर ६७ कोटी लिटर येते. खरा आकडा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि बोअरवेल व टँकरचे पाणी या हिशेबात अजून आलेलेच नाही. शहराच्या जुन्या दहा मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्पांची क्षमता मात्र दिवसाला ५६.७ कोटी लिटर, म्हणजे ५६७ एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर). कोणतेही टोक घ्या, क्षमता कमीच पडते.

क्षमतेपेक्षा पोच महत्त्वाची

धरण ते संगम या टप्प्यात काठावरचे जुने प्रकल्प दोन: विठ्ठलवाडी (३२ एमएलडी) आणि एरंडवणे (५० एमएलडी). उरलेले बरेचसे मैलापाणी उपसा केंद्रांतून पुढे भैरोबा नाला आणि नायडू प्रकल्पांकडे ढकलले जाते. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून ११ नवे प्रकल्प, एकूण ३९६ एमएलडीचे, हाती घेतले गेले. त्यांतले वारजे (२८) आणि वडगाव (२६) हे या टप्प्यातले.

अडचण अशी की शहराची हद्द वरच्या बाजूने धरणाला जाऊन भिडली. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे महापालिकेत आली. शिवणे, उत्तमनगर, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही मुठेच्या दोन्ही अंगांची गावे त्यांतलीच. इमारती आधी उभ्या राहिल्या, मैलावाहिन्यांचे जाळे मागून येते आहे. मधल्या काळात सोसायटीचे सेप्टिक टँक भरतात आणि त्यांचा ओव्हरफ्लो पावसाळी गटारात जोडला जातो. गटार ओढ्यात, ओढा नदीत. जुन्या हद्दीत शिरण्याआधीच नदीचा निकाल लागलेला असतो. जानेवारी २०२५ मध्ये गिलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात मोठ्या संख्येने सापडले तेव्हा इथल्या पिण्याच्या पाण्याच्या तपासण्यांना एकदम वेग आला. विहीर, जलवाहिनी आणि मैलापाणी इतके खेटून असलेल्या भागात हा धोका साथीची वाट पाहून ओळखायचा नसतो.

शुद्धीकरण प्रकल्पाची क्षमता कागदावर वाढली की नदी सुधारेल, ही समजूत फार पसरलेली आहे. प्रकल्पात पोचणारे पाणीच शुद्ध होते. नाला अडवून मैलापाणी वळवण्यासाठी जो लहान बंधारा आणि जाळी असते, तिथे प्लास्टिक आणि गाळ अडकला की अख्खा नाला बंधाऱ्यावरून थेट नदीत जातो. वीज गेली आणि उपसा केंद्राचा जनरेटर वेळेत सुरू झाला नाही, तरी तेच. पावसाळ्यात तर पावसाचे पाणी मैलावाहिनीत शिरल्याने चेंबर उसळतात. म्हणून प्रकल्पाच्या दारातल्या मीटरइतकीच नाल्याच्या मुखाशी मोजणी गरजेची आहे.

ती मोजणी फार अवघड नाही. पाऊस नसलेला काळ निवडायचा, मागच्या तीन-चार दिवसांत पाऊस नको. नाल्याचा सरळ, एकसारखा १० मीटरचा तुकडा घेऊन दोन्ही टोकांना दोरी बांधायची. रुंदी मोजायची आणि आडव्या रेषेत निदान पाच ठिकाणी खोली घेऊन सरासरी काढायची. वरच्या दोरीच्या थोडे अलीकडे संत्र्याचे साल टाकून खालच्या दोरीपर्यंत लागणारा वेळ मोजायचा. पाच वेळा मोजून सरासरी घ्यायची. पृष्ठभागाचा वेग तळापेक्षा जास्त असतो, म्हणून त्याला ०.८५ ने गुणायचे. समजा रुंदी १.५ मीटर, सरासरी खोली २० सेंटिमीटर आणि साल २० सेकंदांत पोचले. वेग सेकंदाला अर्धा मीटर, दुरुस्ती करून ०.४२५. छेद ०.३ चौरस मीटर. प्रवाह सेकंदाला सुमारे १२७ लिटर, म्हणजे दिवसाला ११ एमएलडी. उडी मारून ओलांडता येईल असा हा नाला, पण विठ्ठलवाडी प्रकल्पाच्या एक तृतीयांश क्षमतेइतके पाणी आणतो.

हीच मोजणी सकाळी सात ते नऊच्या दरम्यान आणि पुन्हा रात्री तीनच्या सुमारास करावी. सकाळच्या गर्दीच्या वेळेचा प्रवाह घरगुती सांडपाणी दाखवतो. रात्री तीनलाही नाला भरभरून वाहत असेल तर त्यात फुटलेल्या जलवाहिनीचे किंवा भूजलाचे पाणी आहे. रात्रीच्या नमुन्यात क्लोरीनचा अंश सापडला तर जलवाहिनीवरच संशय घ्यावा. मैलापाण्यात क्लोरीन लवकर खर्च होतो, त्यामुळे तो सापडला नाही म्हणून गळती नाही, असे मात्र समजू नये.

नदीची प्रकृती कशात दिसते

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तेव्हा ५३ पट्ट्यांसह महाराष्ट्र देशात पहिला होता. मुळा आणि मुठा सर्वांत वाईट, म्हणजे पहिल्या प्राधान्याच्या गटात. या गटाची खूण बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर. आंघोळीयोग्य पाण्याची मर्यादा ३ आहे.

कोरड्या काळात मुठेला ही मर्यादा का पाळता येत नाही, ते साध्या मिश्रणाच्या गणितात दिसते. घरगुती मैलापाण्याचा बीओडी साधारण २०० धरू. नदीत २ बीओडीचे १०० क्युसेक स्वच्छ पाणी वाहते आहे आणि त्यात ५० क्युसेक मैलापाणी मिसळले, तर मिश्रण होते ६८. स्वच्छ पाणी १० क्युसेकच असेल तर १६७. म्हणजे पाणी सोडल्याने फरक पडतो, पण कच्चे मैलापाणी येत राहिले तर दुप्पट स्वच्छ पाणी ओतूनही नदी वाचत नाही. ‘धरणातून पाणी सोडा, नदी धुऊन निघेल’ ही मागणी गणेशोत्सवाच्या आसपास दरवर्षी होते. तिने फार तर काही दिवसांचा वास जातो.

विरघळलेला प्राणवायू मोजताना वेळेला फार महत्त्व आहे. पाण्यात शेवाळ असेल तर दुपारी ते ऊन खाऊन प्राणवायू सोडते आणि आकडा फुगतो. रात्री तेच शेवाळ आणि जिवाणू प्राणवायू ओढतात. नीचांक येतो सूर्योदयाच्या आधी, आणि मासे मरतात ते तेव्हाच. सकाळी अकरा वाजता घेतलेल्या एका नमुन्यावरून नदीची प्रकृती ठरवणे म्हणजे ताप उतरल्यावर रुग्णाचे तापमान घेणे. पहाटे पाच आणि दुपारी तीन अशी जोडी घेतली, तर दोन्हींतली तफावत स्वतःच बोलते.

रसायनांपेक्षाही स्वस्त तपासणी दगडाखाली होते. धरणाच्या वरच्या अंगाच्या ओढ्यांत गुळगुळीत दगड उलटा केला की चपट्या अंगाची, तीन शेपट्यांची मेफ्लायची पिल्ले सरपटताना दिसतात. त्यांना भरपूर प्राणवायू लागतो. शहरातला दगड उलटला की खालचा गाळ काळा, कुजक्या अंड्यांच्या वासाचा, आणि त्यात केसासारख्या लाल अळ्या वळवळत असतात. त्यांच्या अंगातले हिमोग्लोबिन प्राणवायू जवळजवळ नसलेल्या गाळातही तग धरू देते. माशांत तिलापिया आणि गप्पी उरतात.

मैलापाणी शुद्ध झाले की जलपर्णी आपोआप जाते, हा गैरसमज दूर व्हायला हवा. प्रकल्पातून बाहेर पडलेले पाणी बीओडीच्या निकषात बसले तरी नत्र आणि स्फुरद काढायची सोय नसेल, तर तेच जलपर्णीचे खत होते. अनुकूल हवेत ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. मशीनने काढून काठावर टाकलेली जलपर्णी तिथेच कुजली तर स्फुरद पहिल्या पावसात पुन्हा नदीत. काढलेला माल त्याच दिवशी वाहून नेणे निविदेत लिहिले जाते, आणि काठावरचे ढीग महिनाभर हलत नाहीत. उरलेले सगळे मुळा-मुठा, भीमा या वाटेने उजनीच्या जलाशयात जाऊन साठते.

मुंढव्याच्या जॅकवेलचीही (नदीतून पाणी उपसायच्या विहिरीची) नोंद इथे हवी. शहराने जास्त उचललेल्या पाण्याची भरपाई म्हणून प्रक्रिया केलेले वर्षाला ६.५ टीएमसी पाणी तिथून उपसून बेबी कालव्यात सोडायचे ठरले. शेतीला पाणी मिळावे हे योग्यच. पण नदीला स्वच्छ पाणी पाटबंधाऱ्यांकडून मिळत नाही आणि शुद्ध केलेले पाणीही पुढे उचलले जाते, असा हा दुहेरी वजाबाकीचा व्यवहार आहे. शिवाय उपसा नदीतून होतो, त्यामुळे वर शुद्धीकरण फसले की शेतकऱ्याच्या पाटात तेच पाणी येते.

जुलै २०२४: निळ्या रेषेच्या आत का बुडाले

मुठेची निळी पूररेषा, जिच्या आत बांधकामाला मनाई असते, ६० हजार क्युसेकच्या विसर्गावर आणि लाल रेषा एक लाख क्युसेकवर आखलेली आहे. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्याचा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या आसपास होता. तरीही सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरी, विठ्ठलनगर, निंबजनगर या भागांत पाणी घरांत शिरले. त्याच पहाटे डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत विजेचा धक्का बसून तिघांचा मृत्यू झाला. ऑगस्टच्या सुरुवातीला विसर्ग पुन्हा वाढला तेव्हा एकतानगरीत लष्कर आधीच आणून ठेवावे लागले.

आकडा रेषेपेक्षा कमी असताना पाणी वर का गेले, याची दोन कारणे आहेत. पहिले, विसर्गाचा आकडा धरणाच्या दरवाज्यांचा असतो. धरणाखालच्या मुक्त पाणलोटातून ओढ्यांनी येणारे पाणी त्यात धरलेले नसते, आणि त्या रात्री पाऊस शहरातही कोसळत होता. दुसरे, रेषा आखली तेव्हाचा पात्राचा छेद आज तसा राहिलेला नाही. राडारोडा टाकून काठ पुढे सरकवणे, भरावावर रस्ते, सीमाभिंती हे इथे वर्षानुवर्षे चालले आहे. विठ्ठलवाडीपासून महामार्गाकडे जाणारा नदीकाठचा रस्ता निळ्या रेषेत आल्याने राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच महापालिकेच्या विरोधात निकाल दिला होता.

थोडासा भराव किती महागात पडतो ते पाहा. १०० मीटर रुंद पात्रातून ४ मीटर खोलीने पाणी वाहते आहे. दोन्ही काठांवर दहा-दहा मीटर भराव टाकून रुंदी ८० मीटर केली, उतार आणि तळ तोच ठेवला. उघड्या पात्रातला प्रवाह काढायच्या मॅनिंगच्या सूत्रानुसार रुंद पात्रात खोली रुंदीच्या ०.६ घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. १.२५ चा ०.६ घात १.१४, म्हणजे खोली ४.५७ मीटर. ५७ सेंटिमीटरची ही वाढ जोत्याची उंची सहज ओलांडते.

धरण आधीच रिकामे का केले नाही, हा प्रश्न दर पुरानंतर येतो. खडकवासला पूर्ण रिकामे असेल आणि ३५ हजार क्युसेकचा येवा सुरू झाला, तर १.९७ टीएमसी भरायला लागतात साडेपंधरा तास. म्हणजे पूर अडवायची ताकद खडकवासल्यात फारशी नाहीच. ती पानशेत आणि वरसगावमध्ये आहे, आणि जुलैअखेर तिथे किती जागा राखायची यावर सगळे ठरते. शहराची उचल जितकी वाढते तितका धरणे लवकर भरून ठेवण्याचा दबाव वाढतो. नळाचा आणि पुराचा संबंध इथे थेट जुळतो.

ओढ्यांचा पूर मात्र धरणाशिवाय येतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने कात्रज ते दांडेकर पूल या पट्ट्यात जो कहर केला, त्यात शहर व परिसरात वीसहून अधिक जीव गेले. टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळली. एक चौरस किलोमीटरवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर मोकळ्या, गवताळ जमिनीवरून (पावसाचा वाहून जाणारा हिस्सा, म्हणजे गुणांक, ०.३) सेकंदाला सुमारे ४.२ घनमीटर पाणी निघते. तीच जमीन छपरे, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकची झाली (०.८) की ११.१ घनमीटर. शिवाय ते लवकर पोचते, कारण गटारातून धावणाऱ्या पाण्याला गवत अडवत नाही. डोंगरउतार फोडले गेले की उलटी बाजूही दिसते. बसाल्टच्या फटींत आणि मुरमात मुरून हिवाळ्यात ओढ्याला पाझरणारे पाणी मुरतच नाही. पावसात अडीचपट, डिसेंबरात कोरडा, असा ओढा तयार होतो.

काय, आणि कोणत्या क्रमाने

क्रम चुकला तर चांगले कामही वाया जाते. पहिले काम नांदेड-शिवण्यापासून विठ्ठलवाडीपर्यंतच्या नाल्यांची मुखे. प्रत्येक मुखाला क्रमांक, कोरड्या दिवसाचा मोजलेला प्रवाह, आणि अडवणीच्या बंधाऱ्याची जाळी साफ केल्याची रोजची नोंद. विकेंद्रित लहान प्रकल्प या गावांना जास्त सोयीचे आहेत, कारण शुद्ध पाणी तिथेच नदीत सोडता येते आणि वरच्या टप्प्याला प्रवाह मिळतो. सगळे मैलापाणी पंपाने खाली नेले तर नदीचा वरचा भाग कोरडाच राहतो.

मग किमान प्रवाह. ऑक्टोबर ते मे, २४३ दिवस, ५० क्युसेक सोडायचे तर लागते १.०५ टीएमसी. अवाढव्य वाटणारी ही मागणी १८ टीएमसीच्या ४० टक्के गळतीशी ताडून पाहावी. ती ७.२ टीएमसी होते. गळतीचा सातवा हिस्सा थांबला तर नदीला आठ महिने पाणी मिळते, शेतीच्या वाट्याला हातही न लावता. केंद्राने २०१८ मध्ये गंगेच्या वरच्या टप्प्यासाठी किमान पर्यावरणीय प्रवाहाची अधिसूचना काढली, ती गंगेपुरतीच आहे. इथे पाटबंधारे आणि महापालिका यांच्या पाणीकरारात नदीच्या नावाने एक ओळ घातली तरी सुरुवात होईल. मात्र नाले बंद होण्याआधी हे पाणी सोडू नये, वरचे मिश्रणाचे गणित त्याचे कारण.

भराव काढताना छेद मोजून काढावा. दर २०० मीटरला पात्राचा आडवा छेद घ्यायचा, पूररेषा आखल्या वेळच्या छेदावर ठेवायचा आणि फरक घनमीटरमध्ये काढायचा. ‘राडारोडा हटवला’ या एका वाक्याच्या अहवालाला अर्थ नाही, कारण वरचा थर उचलून त्याच काठावर सपाट केलेला असतो. आणि काठावरची करंज, उंबर, वाळुंज या झाडांना भरावासोबत उपटायचे कारण नाही. माती धरून ठेवायचे काम तीच करतात.

पूर-सूचनेत क्युसेकच्या जोडीला पातळी द्यावी. ३५ हजार क्युसेक म्हणजे आपल्या पार्किंगमध्ये किती फूट, हे एकतानगरीतल्या माणसाला कळत नाही. राजाराम पुलाच्या खांबावर पातळीची पट्टी, तिच्या आकड्यानुसार कोणती सोसायटी केव्हा बुडते याचा तक्ता, आणि विसर्ग वाढवण्याआधी भोंगा. धरणापासून इथवर पाणी काही तासांतच पोचते, त्यामुळे मध्यरात्री पाठवलेला व्हॉट्सॲप संदेश झोपलेल्या माणसाच्या कामाचा नाही.

शेवटचा मुद्दा नदीकाठ सुधारणेचा. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा या तिन्ही नद्यांची मिळून सुमारे ४४ किलोमीटर लांबी या प्रकल्पात आहे. त्यात बंधारे घालून बारमाही पाणी दाखवायचे असेल, तर ते पाणी आधी शुद्ध असायला हवे. साचलेल्या मैलापाण्यात हवा मिसळत नाही, गाळ बसतो आणि वाहत्या नाल्यापेक्षा वास जास्त येतो. भिंती आणि पायवाटा आधी बांधल्या, तर काठाने जाणारी मुख्य मैलावाहिनी दुरुस्त करायला त्याच फरश्या पुन्हा उखडाव्या लागतील. मैलावाहिनीची पूर्ण लांबी दाबचाचणी करून ताब्यात घेतल्याशिवाय त्या टप्प्यातल्या काठाच्या कामाचे बिल काढू नये, इतकी एक अट करारात असली तरी क्रम आपोआप सुधारेल.